शाळेत आलेल्या मुलाचे काय?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. त्यांच्या नावाने बोलायचे तर सरकारी शाळेवरच बोलावे, असे मी संयोजकांना कळवले आणि त्यांनी ते आनंदाने मान्य केले. त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. आज एकच प्रश्न घेऊन आलो आहे. मूल शाळेत आले, पटावर नाव लागले, हजेरी भरली. पुढे काय? त्या वर्गात त्याचे मन कशात गुंतते?

हा प्रश्न आपण फार उशिरा विचारायला लागलो. त्याला कारणही तसेच आहे. मूल शाळेच्या दारापर्यंत आणण्यातच आपली सव्वाशे वर्षे गेली. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात ते सक्तीचे केले. गोखल्यांनी १९११ मध्ये कायदेमंडळात विधेयक आणले आणि ते फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचे आणि मोफत शिक्षण सुरू केले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने दहा वर्षांची मुदत घातली, ती टळून गेली. अखेर १ एप्रिल २०१० रोजी शिक्षणहक्क कायदा अमलात आला. फुल्यांच्या निवेदनापासून मोजले तर १२८ वर्षे. ही लढाई खरी होती, मोठी होती, आणि ती बऱ्याच अंशी आपण जिंकली. आज महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या साठ हजारांच्या आसपास शाळा आहेत. वाडीवस्तीवर, डोंगरात, पाड्यावर शाळा पोहोचली. हे ज्यांनी केले त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे.

पण फुल्यांचे ते निवेदन पुन्हा वाचा. त्यात केवळ सक्तीची मागणी नाही. काय शिकवावे हेही त्यांनी सांगितले आहे: मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य. कसा शिक्षक हवा, हेही सांगितले आहे. शेतकऱ्यांच्या मुलांत मिसळणारा, त्यांच्या गरजा ओळखणारा, वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारा. त्याला पगार चांगला द्या, हेही आहे. म्हणजे मूल शाळेत आणायचे, तर शाळा त्या मुलाच्या जगाला ओळखणारी असली पाहिजे, ही गोष्ट पहिल्या मागणीतच होती. आपण सक्तीचा भाग उचलला. उरलेला बाजूला राहिला.

आता एका वर्गात चला. द्विशिक्षकी शाळा आहे, पहिली ते चौथी. एक शिक्षक तालुक्याला बैठकीला गेले आहेत. चारही वर्ग एका बाईंकडे. त्यांचा फोन सतत वाजतो आहे, कारण कुठलीशी माहिती दुपारी बारापर्यंत भरायची आहे. बाई फळ्यावर एक उतारा लिहून देतात आणि म्हणतात, ‘उतरवून घ्या.’ मुले उतरवून घेतात. अक्षर किती सुंदर! रेघ सोडलेली नाही, शिरोरेषा सरळ. तुम्ही एखाद्या मुलीजवळ बसता आणि म्हणता, ‘बाळ, काय लिहिलंस ते वाचून दाखव ना.’ ती थांबते. तिला वाचता येत नाही. तिने चित्र काढावे तसा उतारा काढला आहे.

ही परिस्थिती अपवादाची नाही, हे या सभागृहातल्या शिक्षकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे २७ मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. बाकीची मुले कुठे आहेत? ती वर्गातच आहेत. रोज येतात, प्रार्थना म्हणतात, खिचडी खातात, पाढे कोरसात म्हणतात, आणि पुढच्या इयत्तेत जातात. पाचवीत गेलेल्या ज्या मुलाला ओळ वाचून अर्थ लागत नाही, त्याच्यासमोर आपण इतिहास, विज्ञान, इंग्रजी अशी पुस्तके उघडतो आणि तक्रार करतो की मुलाचे लक्ष नाही. त्याने लक्ष द्यावे तरी कशाकडे?

या दुखण्यावर आपल्याकडे दोन औषधे पुन्हा पुन्हा सुचवली जातात. एक म्हणजे शाळा मजेदार करा: गाणी लावा, टीव्ही बसवा, टॅब द्या, भिंती रंगवा. दुसरे म्हणजे धाक आणा: परीक्षा घ्या, नापास करा. कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीला पुन्हा नापास करण्याची वाट मोकळी झाली. पहिल्या औषधाने मूल तासभर हसते. दुसऱ्याने ते घाबरते. दोन्हींत ते शिकेलच असे नाही. गाण्याला माझा विरोध नाही, मूल्यमापनाला तर मुळीच नाही. पण मूल ज्या गोष्टीत खरोखर बुडून जाते ती गोष्ट वेगळीच असते, आणि ती पाहायला आपल्याला परदेशी जायला नको. पालघर जिल्ह्यात जाऊ या.

१९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला मोंटेसरी पद्धतीवर काम केलेल्या, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा करणाऱ्या या बाई. त्यांनी बालवाडी काढली आणि त्यांच्या लक्षात आले की वस्तीतली गरीब मुले बालवाडीत येतच नाहीत. आता एखादा अधिकारी काय करेल? पालकांची उदासीनता असा शेरा लिहील. ताराबाईंनी बालवाडी उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाडीचे बीज तिथे आहे. त्यांच्याबरोबर होत्या अनुताई वाघ. पुढे १९५७ साली दोघी कोसबादच्या टेकडीवर गेल्या, वारली मुलांमध्ये. तिथे दुसरी अडचण. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. भावंड पाळणाघरात, ताई वर्गात. या एकत्र व्यवस्थेला त्यांनी विकासवाडी म्हटले. आणि जी मुले दिवसभर गुरांमागे जातात ती? त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात गेला. कुरणशाळा! गुरे चरताहेत, मुले झाडाखाली बसली आहेत. साहित्य काय? बिया, शंखशिंपले, पाने, खडे. मोजायचे ते यांनीच, वर्गीकरण करायचे ते यांचेच.

मित्रहो, इथे मी थोडा थांबतो, कारण माझे सगळे म्हणणे या कुरणशाळेत आहे. जो मुलगा शाळेतल्या बाकावर मुका बसला असता, तो कुरणात जाणता होता. कोणते पान गुराला चालत नाही, कोणत्या झाडाला कधी फळ येते, ओढ्याला पाणी केव्हा आटते, हे त्याला शिक्षकापेक्षा जास्त कळत होते. ताराबाई-अनुताईंनी त्याच्या या जाणतेपणापासून सुरुवात केली. शिकणे त्याच्याकडे जे आहे तिथून निघाले आणि त्याच्याकडे जे नाही तिकडे गेले: अक्षराकडे, संख्येकडे, जगाच्या नकाशाकडे. मुलाला जाणता मानले की ते कामाला लागते. अडाणी मानले की ते गप्प बसते. सत्तर वर्षे होत आली. कोसबादची आठवण आपण पुरस्कारांच्या भाषणांत काढतो. पण जिल्हा परिषदेच्या किती शाळांच्या वेळापत्रकात गावातल्या ओढ्याला, बाजाराला, पिकाला, कारागिराला जागा आहे?

‘परिसर अभ्यास’ हे पुस्तक आपल्याकडे आहे. त्या पुस्तकातला परिसर वर्गात बसून वाचला जातो. शेजारच्या विहिरीचे पाणी कुठून येते हे मुलांनी जाऊन पाहिले, आजोबांना विचारले, दोर टाकून खोली मोजली, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मोजली, आकडे लिहिले, गावच्या फळ्यावर लावले, तर त्यात भाषा येते, गणित येते, भूगोल येतो, नागरिकशास्त्रही येते. आणि कुणाला ‘लक्ष द्या’ म्हणावे लागत नाही. असे काम शेकडो शाळांत आजही करणारे शिक्षक आहेत. ते करतात ते स्वतःच्या हिमतीवर, कधी वरिष्ठांची नजर चुकवून. हे काम त्यांच्या नोकरीचा गाभा मानले जावे एवढीच माझी मागणी आहे.

सरकारी शाळेत हे मोठ्या प्रमाणावर होत नाही, असे कुणी म्हणेल. झाले आहे! आपल्या शेजारच्या राज्यात झाले आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा सरकारी माध्यमिक शाळांत एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची मुले चार-चारच्या गटात बसत, स्वतः प्रयोग करीत, निरीक्षणे लिहीत, आणि निष्कर्षासाठी वाद घालीत. पुस्तकात तयार उत्तरे नव्हती. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती, आणि प्रयोगाचीही परीक्षा होती. मुलांनी प्रश्न विचारावेत म्हणून सवालीराम नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्रे लिहीत आणि सवालीराम प्रत्येकाला उत्तर पाठवी. कल्पना करा, खेड्यातला मुलगा पोस्टकार्डावर प्रश्न लिहितो आहे आणि त्याच्या नावाने उत्तर येते आहे. तो मुलगा विज्ञानापासून दूर पळेल का? १९७८ पर्यंत हा कार्यक्रम सबंध जिल्ह्यात पोहोचला, पुढे ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला, पंधरा जिल्ह्यांतल्या सुमारे हजार शाळांत गेला. आणि २००२ साली सरकारने तो बंद केला. तीस वर्षे साधे सरकारी शिक्षक ते चालवत होते. म्हणून ‘सरकारी शाळेत हे शक्य नाही’ हे वाक्य मी मान्य करू शकत नाही. शक्य होते. आपण ते जपले नाही.

दुसरा मुद्दा भाषेचा. इथे मला जरा स्पष्ट बोलायचे आहे.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी आणणारा शासन निर्णय निघाला. महाराष्ट्र पेटून उठला. लेखक, पालक, शिक्षक, सगळे म्हणाले की सहा वर्षांच्या मुलावर परकी भाषा लादू नका, त्याचे शिक्षण त्याच्या भाषेत पक्के होऊ द्या. २९ जूनला सरकारने माघार घेतली. योग्य झाले. मीही त्या बाजूचाच होतो. पण मित्रहो, ज्या युक्तिवादाने आपण जिंकलो तो युक्तिवाद मेळघाटातल्या कोरकू मुलाला लागू होत नाही का? गडचिरोलीतल्या गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या मुलीला? नंदुरबारच्या पाड्यावर भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला? कोरकू तर मराठीच्या भाषाकुळातलीही नाही. तिचे नाते मुंडा भाषांशी आहे. त्या मुलाच्या कानावर पहिल्या दिवशी पडणारी प्रमाण मराठी त्याला आपल्या मुलाला हिंदी वाटते त्याहून कितीतरी परकी असते. तो पहिल्या दिवशी गप्प बसतो, दुसऱ्या दिवशी गप्प बसतो, मग आपण त्याला ‘बुजरा’ म्हणतो आणि चौथीपर्यंत त्याची गप्प बसण्याची सवय पक्की होते. अभ्यासात मागे, असा शेरा त्याच्या नावापुढे येतो. शेरा मुलावर लिहिला जातो. लिहायला हवा होता आपल्या व्यवस्थेवर.

शिक्षणहक्क कायदा सांगतो की शक्य तितके शिक्षण मुलाच्या मातृभाषेत द्या. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही निदान पाचवीपर्यंत तेच म्हणते. आणि गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने स्वतः पुढाकार घेऊन २०१९ साली गोंडीतून शिकवणारी शाळा काढली, तर तिला मान्यता नाही म्हणून ती बेकायदा ठरवण्यात आली. गावाने न्यायालयाचे दार ठोठावले. ज्या गावाने आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकवायला स्वतः शाळा उभी केली, त्या गावाला सरकारने शाबासकी द्यायला हवी की नोटीस? मराठीसाठी रस्त्यावर उतरलेल्या आपण सगळ्यांनी मोहगावच्या बाजूने तेवढ्याच जोराने उभे राहायला हवे होते. तसे उभे राहिलेले फार थोडे दिसले, याचे मला दुःख आहे.

मुलांच्या भाषेत शिकवणे एकट्या शिक्षकाच्या पातळीवरही करता येते, याचे उदाहरण आपल्या सोलापूर जिल्ह्यातले आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. सगळ्या वर्तमानपत्रांनी पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची बातमी केली. ती होतीच कौतुकाची. पण त्या कामाचा आधीचा भाग कमी सांगितला गेला. त्या गावातल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती. डिसले गुरुजींनी आधी त्यांची भाषा शिकून घेतली, पाठ त्यांच्या भाषेत नेले आणि मग त्यावर कोड लावले. तंत्रज्ञान नंतर आले. अगोदर एक शिक्षक मुलांच्या भाषेपर्यंत चालत गेला. क्यूआर कोड आज राज्याच्या पुस्तकांत आहे. मुलांची भाषा शिकणारा शिक्षक मात्र अजून योगायोगाने भेटतो, कारण बदलीच्या नियमांत, प्रशिक्षणात, भरतीत या गोष्टीला वजन नाही.

वाचनाचेही तसेच. मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून आल्या, फलटणला राहिल्या, मराठी झाल्या, आणि तिथल्या वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता त्यांनी एक साधी गोष्ट पकडली. सगळी बाराखडी पाठ होईपर्यंत मुलाला अर्थापासून दूर ठेवू नका. थोडी अक्षरे द्या, त्यांच्याबरोबर एक-दोन स्वरचिन्हे द्या, आणि लगेच शब्द करू द्या, वाक्य वाचू द्या. पहिल्या काही आठवड्यांतच मुलाला ‘मला वाचता येते’ हा अनुभव येतो. एकदा तो आला की त्या मुलाला वर्गात ओढून बसवावे लागत नाही. १९८६ पासून फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेत हे काम चालले आहे. मी विचारतो, प्रत्येक शाळेत पहिली-दुसरीला राज्यातला सर्वांत तयार शिक्षक का असू नये? आज अनेक ठिकाणी उलटे होते. अनुभवी शिक्षक वरच्या वर्गांना जातात आणि पहिलीचा वर्ग ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे जातो. हे बदलायला एक रुपया खर्च नाही. केंद्रप्रमुखांनी आणि मुख्याध्यापकांनी ठरवले तर येत्या जूनमध्ये होईल.

आता शिक्षकाकडे येतो. मघाशी आपण ज्या बाईंच्या वर्गात गेलो होतो, त्यांच्यावर कुणी दोष ठेवू नये. शिक्षणहक्क कायद्याच्या २७व्या कलमाने शिक्षकाला जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक सोडून बिगरशैक्षणिक काम देऊ नये असे म्हटले. पण निवडणूक म्हटली की मतदार यादी आली, मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याचे, म्हणजे बीएलओचे काम आले, आणि ते वर्षभर चालते. शिवाय ‘शैक्षणिक’ या नावाखाली येणारे काम वेगळेच: यू-डायसची माहिती, मुलांचे आधार, पोषण आहाराची रोजची नोंद, प्रत्येक उपक्रमाची लिंक, प्रत्येक दिनविशेषाचे फोटो अपलोड. संध्याकाळी शिक्षक शाळेतून निघतो तेव्हा त्याने काय शिकवले हे कुणी विचारत नाही. माहिती भरली का, हे विचारतात. जो माणूस दिवसभर वर उत्तरे देत असतो, त्याच्याकडे खाली बसून मुलाचे ऐकायला वेळ कुठला?

आणि तरीही आपल्या शिक्षकांनी काय केले आहे ते पाहा. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथले शिक्षक यांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग उभे केले. शिक्षक खुर्चीवरून उठून मुलांबरोबर जमिनीवर बसले. मुले गटात, गोलात. फरशीवर रेखाटने, संख्यारेषा, शब्दजाळी. हातात बिया, काड्या, मणी, गठ्ठे. मूल चुकले तर लगेच खोडायचे नाही, त्याला विचारायचे की तू असे का केलेस. राज्यभरातून हजारो शिक्षक ते पाहायला गेले. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि हे वारे सगळीकडे पोहोचले. त्या दोन-तीन वर्षांत शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर पगाराची आणि बदलीची चर्चा मागे पडून मुलांची चर्चा सुरू झाली होती, हे मी पाहिले आहे. सरकारी व्यवस्थेत असा काळ क्वचित येतो.

मग अडले कुठे? माझे मत सांगतो. कुमठ्यात आधी शिक्षकांचे एकमेकांशी बोलणे सुरू झाले होते. ते आपल्या वर्गातले मूल घेऊन बसत: हा मुलगा वजाबाकीत का अडतो, ही मुलगी जोडाक्षर का गाळते. त्या बोलण्यातून रेखाटने आली. राज्यभर पसरताना रेखाटने आधी गेली आणि बोलणे मागे राहिले. काही महिन्यांत हजारो शाळांच्या फरशा रंगल्या. कारण रंगलेल्या फरशीचा फोटो काढता येतो आणि अहवालात लावता येतो. शिक्षकाने मुलाला ‘तू असे का केलेस’ विचारले आणि दहा मिनिटे त्याचे ऐकले, याचा फोटो निघत नाही. पुढे वेगळे कार्यक्रम आले, वेगळी नावे आली, आणि शिक्षक पुन्हा नव्या तक्त्यांना लागले. ज्या शाळांत शिक्षकांना मूळ विचार समजला होता, त्या शाळा अजून तशाच जिवंत आहेत. तुम्ही जाऊन पाहा, दारातून कळते: मुले पाहुण्याला बघून उभी राहत नाहीत, आपल्या कामात असतात.

म्हणून माझी सरकारकडे नव्या योजनेची मागणी नाही. पाच वर्षे एकही नवा उपक्रम आणू नका. महिन्यातून एक दिवस केंद्रातल्या शिक्षकांना आपापल्या मुलांचे काम घेऊन एकत्र बसू द्या. शिक्षण परिषद त्यासाठीच होती. आज तिथे बहुतेक वेळ सूचना वाचण्यात जातो. तिथे मुलांच्या वह्या उघडल्या जाव्यात. विस्तार अधिकाऱ्याने शाळेत गेल्यावर दप्तर तपासण्याआधी अर्धा तास वर्गात मागे बसावे. माहिती भरायला केंद्रपातळीवर एक माणूस नेमा. या तीन गोष्टींनी जे होईल ते टॅबच्या खरेदीने होणार नाही.

शेवटचा मुद्दा लहान शाळांचा. महाराष्ट्रात वीस आणि त्याहून कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळा आहेत. २०२३ मध्ये त्या एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. कारण सांगितले गेले की इतक्या थोड्या मुलांत शिकणे होत नाही, खेळ होत नाही, चुरस होत नाही. मला विचाराल तर बारा मुलांची शाळा ही शिक्षणातली दुर्मिळ संधी आहे. आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीने खेड्यातल्या छोट्या शाळांसाठीच एक पद्धत बसवली. इयत्ता बाजूला ठेवल्या. शिकण्याच्या पायऱ्यांचा एक मोठा तक्ता, प्रत्येक पायरीची कार्डे, आणि प्रत्येक मूल आपापल्या गतीने वर चढणार. मोठे मूल लहानाला शिकवणार. एकाच खोलीत चार इयत्ता बसतात ही तिथे अडचण राहिली नाही, तोच पाया झाला. २००३ मध्ये चेन्नई महापालिकेच्या तेरा शाळांनी ती उचलली आणि पुढे तामिळनाडूने ती राज्यातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत नेली. तिथल्याही अंमलबजावणीत पुढे कसर राहिली, तेही खरे. पण एका शिक्षकाने चार इयत्ता सांभाळण्याची पद्धत अस्तित्वात आहे, आणि आपल्या डी.एल.एड.च्या अभ्यासक्रमात तिला नीट जागा नाही. शिक्षकाला एका इयत्तेला शिकवायचे प्रशिक्षण द्यायचे, त्याच्यापुढे चार इयत्ता बसवायच्या, आणि शिकणे होत नाही म्हणून शाळा बंद करायची? पाड्यावरची शाळा सहा किलोमीटरवर गेली तर पहिल्यांदा कुणाचे शिक्षण सुटते, हे या सभागृहातल्या प्रत्येक स्त्रीला माहीत आहे. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे तर बोलायलाच नको. दिवाळीनंतर त्यांचे नाव पटावर असते आणि मूल फडावर असते. गावातली जवळची शाळा हा त्यांना परत आणणारा एकच धागा आहे.

तुम्ही विचाराल, आम्ही काय करायचे? शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. मी पाहिलेले बहुतेक आराखडे कुंपण, शौचालय, पाण्याची टाकी आणि रंगकामाचे आहेत. तेही हवेच. पण त्यात पहिली-दुसरीला कोण शिकवणार, हे लिहिता येते. गावातली सुईण, सुतार, पाणवाटप करणारा, भजनी मंडळाचा पेटीवाला, वारली चित्र काढणारी आजी महिन्यातून एकदा वर्गात येईल आणि मुले तिच्याकडून शिकतील, हे लिहिता येते. घरची भाषा वेगळी असेल तर ती बोलणारी गावातली एखादी शिकलेली मुलगी पहिलीच्या वर्गात शिक्षकाबरोबर बसेल, हे लिहिता येते. शिक्षक बाहेरच्या कामाला किती दिवस गेले याची नोंद समितीने ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी ती गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावी, हेही लिहिता येते. एका समितीचे पत्र फायलीत पडेल. तालुक्यातल्या शंभर समित्यांची पत्रे आली तर जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीला तो विषय चर्चेला घ्यावाच लागेल. तुमच्यापैकी जे अशा समितीवर आहेत त्यांना मी व्याख्यानानंतर इथेच भेटेन. या चार कलमांचा मसुदा मी बरोबर आणला आहे.